मनकर्णाचा डावा डोळा

मनकर्णा मला पहिल्यांदा दिसली ती नांगरून टाकलेल्या रानात, भर दुपारी. मी तेव्हा नुकताच बदली होऊन त्या वाडीच्या शाळेवर आलो होतो. नेकनूरच्या अलीकडे फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि रानातल्या पायवाटेने आत चालत जायचं. पुढे पाचेक वर्षांची एक मुलगी ढेकळांतून अनवाणी चालत होती आणि तिच्यामागे डोक्याला उपरणी गुंडाळलेली आठ-दहा मोठी माणसं. एकाच्या हातात ज्वारीचं धाट होतं. मुलगी सावलीकडे वळायला लागली की तो धाटाने तिच्या खांद्याला टोचायचा आणि पुन्हा उन्हात वळवायचा. मला वाटलं, पोरीशी कसला तरी खेळ चालला आहे. पण खेळात मोठी माणसं एवढी गप्प नसतात.

मुलगी दमून थांबली. धाटवाला तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन डोळ्यांत बघू लागला. मग ओरडला, "टेकलं बे, टेकलं! बुबुळ नाकाला टेकलं. ठोक खुंटी!"

खुंटी ठोकली. पांढऱ्या कपड्यांतल्या एका जाड माणसाने तंबाखूची पिंक टाकली आणि खिशातून गुळाचा खडा काढला. मुलीने ओंजळ पुढे केली. खडा वरून, हात लागणार नाही अशा बेताने, त्या ओंजळीत पडला. तो खडा आणि ती पिंक मी एकाच वेळी पाहिली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं मला गूळ गोड लागला नाही.

तो जाड माणूस म्हणजे सुंदरराव. गावच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचे चेअरमन. धाटवाला राधाकिशन हा संस्थेचा सेक्रेटरी. आणि मुलगी बौद्ध वस्तीतल्या जालिंदरची मनकर्णा. तिचा डावा डोळा जन्मल्यापासून आत, नाकाकडे वळलेला.

सलग पाऊस नसलेली ती वर्षं. विहिरी आटल्या होत्या आणि तामिळनाडूकडची बोअरची गाडी जिल्ह्यात गावोगाव फिरत होती. बोअर कुठे घ्यायचं हे सांगायला त्या भागात पाणाड्या असायचा. कोणी तळहातावर नारळ धरून चाले, कोणी लिंबाची काटकी. आमच्या वाडीचा पाणाड्या म्हातारा होऊन वारला होता, आणि तिरळ्या माणसाची नजर जमिनीच्या आत उतरते अशी तिकडे एक जुनी समजूत होती. एकदा मनकर्णा आईबरोबर सुंदररावांच्या मोसंबीच्या बागेत तण काढायला गेली होती. ती जिथे दमून बसली तिथेच बोअर घेतलं आणि पाणी लागलं. तेवढं पुरलं. तेव्हापासून कोणाला बोअर घ्यायचं असलं की मनकर्णाला उन्हात चालवायचं. पोर दमली की डोळा अधिक आत जातो, हे राधाकिशनने हेरून ठेवलं होतं. दमणुकीने तिरळेपणा वाढतो, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. म्हणजे लहान मुलीला दमवणं हीच त्यांची पाणी बघायची रीत होती.

जूनमध्ये मनकर्णा शाळेत आली. पाटी नाकाला लावून, मान थोडी तिरपी करून लिहायची. बोलायला फटकळ. एकदा मी तिला विचारलं, "मने, मी तुला एक दिसतो का दोन?"

"एकच दिसता, गुर्जी. तुमी दोन आसता तर शाळा सुटल्यावर एक घरी गेला आसता अन् एक हितंच बसला आसता." साऱ्या वर्गाबरोबर मीही हसलो.

पण तिचा उजवा डोळा हाताने झाकला, की तिला फळ्यावरचं एकही अक्षर सांगता येत नसे. तो डावा डोळा काही बघतच नव्हता. नुसता तिथे होता.

त्या हिवाळ्यात नेकनूरला डोळ्यांचं शिबिर भरलं. मी मनकर्णाला आणि तिची आई मालनबाई हिला घेऊन गेलो. मालनबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. बाई कमी बोलायची, पण विचारायचं ते विचारल्याशिवाय उठायची नाही. शिबिराला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी बॅटरीने डोळे तपासले, एक डोळा झाकला, दुसरा झाकला, थेंब घालून पुन्हा पाहिलं.

मालनबाई म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आप्रेशनला डोळा भाईर काढतेत का?"

"नाही हो. बैलाचा एका बाजूचा कासरा आखूड बांधला तर बैल कुठे जाईल?"

"त्याच अंगाला वळंल की."

"तसंच आहे. डोळ्याला आतून दोऱ्यांसारखे स्नायू असतात. आतल्या बाजूचा ओढून धरतोय. तो सोडवून थोडा मागे नेऊन टाके घालायचे. पोर झोपेत असते, तिला काही कळत नाही. डोळा जागचा हलवावासुद्धा लागत नाही."

"मंग दिसंल का तिला त्या डोळ्यानं?"

ऑपरेशनने डोळा सरळ होईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण नजर ऑपरेशनने येत नाही. ती आधी आणायची असते. चांगला डोळा रोज काही वेळ पट्टीने झाकायचा, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावंच लागतं. काही महिने हे नेमाने केलं, की मग ऑपरेशन. खरं तर पोरीला पाळण्यात असतानाच दवाखान्यात आणायला हवं होतं. अजूनही बरंच हाती लागेल. पण सात-आठ वर्षांची होईपर्यंतच. पुढे मेंदू त्या डोळ्याचं नावच घेत नाही.

मालनबाईने पट्ट्यांचा पुडा पदरात बांधला. वाटेत एवढंच म्हणाली, "म्हंजी आमच्याकडं येळ थोडाच हाय, गुर्जी."

पट्टी सुरू झाली. मनकर्णा चिडली. "चांगला डोळा झाकला अन् खोटा उघडा ठेवला. डॉक्टरीणबाई येडी हाय का?"

मी म्हणालो, "जो काम करत नाही त्याच्यावरच काम टाकायचं असतं."

"मंग बंकटला फळा पुसायला लावा की. त्यो तर कधीच काय करत न्हाई." बंकट मागच्या रांगेत झोपला होता. त्याला लावला.

दिवाळीनंतर सुरू केलेली पट्टी संक्रांतीपर्यंत चालली. पट्टी असताना ती आधी भिंतीला धडकायची. मग फळ्याजवळ उभं राहून मोठी अक्षरं सांगू लागली. मग दुसऱ्या रांगेतून. त्या डोळ्यात नजर येत होती, हे मी रोज पाहत होतो, आणि एखाद्या रोपाने मूळ धरावं तसा आनंद मला होत होता.

मग एक दिवस शाळेच्या दारात जीप थांबली. सुंदररावांना माळाजवळच्या रानात बोअर घ्यायचं होतं. मनकर्णा डोळ्याला पट्टी लावून बाहेर आली. राधाकिशनने सवयीने वाकून तिच्या डोळ्यात पाहिलं आणि मागे सरकला.

"दादा! डोळा सरळ झालाय."

झालं असं, की चांगला डोळा झाकला की वाकडा डोळा बघायला म्हणून मधे येतो. पट्टी काढली की पुन्हा आत जातो. एवढीच गोष्ट. मी ती सांगत होतो, पण कोणी ऐकत नव्हतं. राधाकिशनने पट्टी उचलली. डोळा आत गेला. पट्टी लावली. डोळा मधे आला. मग सुंदररावांनी स्वतः करून पाहिलं. ड्रायव्हरने पाहिलं. डबीचं झाकण उघडावं-मिटावं तसा त्यांनी त्या पोरीच्या तोंडावर चाळा चालवला. हात तंबाखूचे, नखांत चुन्याचे पांढरे कण. या वेळी कोणाला विटाळ झाला नाही. मनकर्णा ताठ उभी होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते रडण्याचं होतं की चुन्याचं, मला सांगता येणार नाही.

सुंदररावांनी पट्टी चुरगाळून मातीत टाकली. "गुर्जी, तुमी शिकवायला आलात. शिकवा. गावाचं पाणी बंद करायला कावून निगालात?"

"चेअरमनसाहेब, पोरीची नजर जाईल."

"एक डोळा धड हाय की तिला. एका डोळ्यावर आख्खं गाव जगतंय, तुमी दुसऱ्याचं काय घिऊन बसलात?"

संध्याकाळी मी संस्थेच्या कचेरीत गेलो. ओट्यावर सतरंजी होती आणि तिच्यावर मनकर्णाचा बाप जालिंदर बसला होता. जालिंदर संस्थेच्या मोटारीवर राखणदार होता. पोरीचा डोळा कामाला येऊ लागण्याआधी त्याने ओट्याच्या खाली उभं राहून हुकूम ऐकायचे आणि जायचं. आता त्याला सतरंजी होती. सुंदरराव त्याला 'जालिंदरराव' म्हणत. तो सतरंजीच्या अगदी काठावर बसायचा, जणू कोणी ओढून घेईल.

"जालिंदर, मुलीचा बाप म्हणून तू तरी बोल," मी म्हणालो.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मालक म्हणतेत तसं हाय, गुर्जी. यंदाचा उन्हाळा निगू द्या. मंग बगू."

"हां! कोण न्हाई म्हणतंय?" सुंदरराव मोकळेपणाने हसले. "पाऊस पडू द्या, मीच माझ्या जीपमधून नेतो तिला. वाजत गाजत."

त्यांना मी लबाड म्हणणार नाही. लबाड असते तर एवढी शिसारी आली नसती. त्यांची मोसंबी जळत होती आणि त्या पोरीच्या बुबुळावर त्यांचा खरोखर विश्वास होता. फक्त तिच्या नजरेची किंमत त्यांच्या लेखी काहीच नव्हती, आणि हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हतं.

मी वस्तीतल्या विहारात गेलो. तिथे ज्ञानोबा हे जाणते गृहस्थ होते. धम्मदीक्षा घेतलेल्या पहिल्या लोकांपैकी. दर पौर्णिमेला मुलांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेत. मला वाटलं, इथे तरी कोणी संतापेल. ज्ञानोबा मान खाली घालून बसले.

"गुर्जी, खुळं हाय ते, मला कळतंय. पण संस्थेचं पाणी आदी मोसंबीला, मंग गावच्या हौदाला. उरलं तर आमाला. ह्या पोरीपायी चेअरमननं वस्तीला नळ दिलाय. ती बंद झाली तर नळ बंद. इथं घरोघर लेकरं हायेत. मी कोणच्या तोंडानं बोलू?"

तो नळ मी पाहिला होता. एका काळ्या रबरी पाइपातून मधूनच धार यायची. बायका सकाळपासून घागरी लावून बसायच्या. पाण्याला डिझेलचा वास होता. त्या वासाच्या पाण्यासाठी सगळ्यांनी एका मुलीचा डोळा तारण ठेवला होता, आणि त्यांतल्या कोणालाही मी पूर्ण दोष देऊ शकत नव्हतो.

उन्हाळा गेला, पाऊस आला नाही. पुढचा उन्हाळाही तसाच. मालनबाई मनकर्णाला खडीच्या कामावर नेऊन तिथे पट्टी लावायची. पण जालिंदर येऊन तिला घेऊन जायचा. चार दिवस पट्टी आणि महिनाभर नाही, असं होऊ लागलं. दुसऱ्या रांगेतून दिसणारी अक्षरं पुन्हा फळ्याजवळ गेली. एकदा डॉक्टरीणबाईंकडे तपासायला नेलं तेव्हा त्या माझ्यावरच रागावल्या. "अशी धरसोड करायची असेल तर कशाला आणता?" मी काय सांगणार? बोअर घ्यायचं आहे म्हणून?

पुढचं मला पुष्कळ वर्षांनी मनकर्णाने स्वतः सांगितलं.

एका रात्री भाकरी करता करता आईने तिला विचारलं, "मने, तुला डोळा आत न्हेता येतो का? मनानं?"

"येतो की. नाकाच्या शेंड्याकडं बगितलं की जातो."

"मंग ह्या खेपेला दमायचं न्हाई. त्या खडकाच्या माळावर गेलीस की नाकाकडं बग."

"तिथं पाणी न्हाई, आये. तिथं तर घोरपडी बी राहत न्हाईत."

"म्हणून तर."

मनकर्णाने तसंच केलं. माळावर पोचली आणि डोळा आत. राधाकिशनला आनंद झाला, इतकी लवकर खुंटी कधी मिळाली नव्हती. मशीन आलं. नुसती धूळ निघाली. पांढरी, पिठासारखी. पुन्हा चालवलं, पुन्हा माळ, पुन्हा धूळ. तिसऱ्या वेळी राधाकिशनने तिला दुसऱ्याच रानात नेलं. तिथे तिने काही केलं नाही, खरोखरच दमली. तरी तेही बोअर कोरडं गेलं. जमिनीतच पाणी उरलं नव्हतं. मायलेकींनी काही केलं नसतं तरी तेच झालं असतं. मनकर्णा मला म्हणाली, "गुर्जी, आमी उगंच लबाडी केली. जरा थांबलो आसतो तर दुष्काळानंच सोडवलं आसतं."

मी म्हणालो, "तोवर आणखी एक वर्ष गेलं असतं."

त्या कोरड्या बोअरच्या कडेला मी उभा होतो. धुळीने पांढरे झालेले सुंदरराव मनकर्णाकडे बघतही नव्हते. राधाकिशन म्हणाला, "आवदसा हाय ही. पट्टी लावून लावून आईनंच घालवलं." आणि ज्या धाटाने तिला वळवायचा, ते तिच्या पायाशी फेकून जीपमध्ये बसला. जीप गेली. मुलगी रानात एकटी. तिला शाळेपर्यंत मी घेऊन आलो.

जालिंदर पुन्हा ओट्याच्या खाली उभा राहू लागला. काही दिवसांनी मोटारीवरचं कामही गेलं. रबरी पाइप गुंडाळून संस्थेने परत नेला. वस्तीतल्या बायका मालनबाईवर तुटून पडल्या. टँकरच्या रांगेत वत्सलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या लेकीचा डोळा सरळ व्हायचाय म्हणून आमच्या लेकरांच्या घशाला कोरड."

मालनबाईने घागर उचलली. "माजी घागर तू घे, वत्सला. डोळा मातुर मागू नगंस."

कोणाचं काही अडत नाही म्हटल्यावर ऑपरेशनला कोणी अडवलं नाही. हेच मला सगळ्यांत ओंगळ वाटतं. इतकी वर्षं ज्या डोळ्यावर गाव टिकून होतं, तो आता कोणाच्या कामाचा नव्हता. म्हणून तो तिचा तिला परत मिळाला.

मनकर्णा तेव्हा नऊ वर्षांची होती. मालनबाई तिला घेऊन एसटीने अंबाजोगाईला गेली. सुट्टी काढून मीही गेलो. ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग लालभडक होता आणि पापणी सुजलेली. पण बुबुळ मधोमध होतं. मालनबाईने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवलं. "माज्या बापासारखं दिसतंय गं तोंड तुजं. इतके दिस कळलंच न्हाई."

मग डॉक्टरीणबाईंनी चांगला डोळा झाकला आणि समोर बोटं धरली.

"किती?"

"धुरकट हाय."

"किती आहेत सांग."

मनकर्णाने अंदाजाने तीन सांगितली. बोटं दोन होती. डॉक्टरीणबाईंनी हात खाली घेतला. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्या वेळी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "डोळा सरळ राहील. नजर आता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी होती ती."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. संस्थेच्या वार्षिक सभेला जिल्ह्याचे पाहुणे आले होते. सुंदररावांनी मनकर्णाला नवा फ्रॉक घालून व्यासपीठावर बोलावलं आणि माइकवरून सांगितलं, की दुष्काळातही संस्थेने एका गरीब, मागास कुटुंबातल्या मुलीच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेकडे लक्ष पुरवलं. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. जालिंदर पहिल्या रांगेत, खुर्चीवर होता. तो टाळ्या वाजवत होता. मालनबाई आली नव्हती.

मी उठून मंडपाबाहेर आलो. कडेच्या लिंबाखाली उभा राहिलो आणि खरोखर ओकलो. सभेला दिलेला शिरा होता. मला गावकरी विचारत होते, गुर्जी, ऊन लागलं का? मी हो म्हणालो. चेअरमनसाहेबांच्या शिऱ्याबद्दल काही बोलणं बरं दिसलं नसतं.

शाळा संपल्यावर मनकर्णा माझ्या डोळ्यांआड गेली. लग्न होऊन नेकनूरला आली, एवढं कळलं होतं. नवरा बाजार समितीत हमाली करायचा. तो गेल्यावर तिने बाजाराजवळ चहाचं हॉटेल टाकलं. निवृत्त झाल्यापासून मी तिकडे गेलो की तिच्याकडे बसतो. आता ती चाळिशी ओलांडलेली, जाडसर, मोठ्या आवाजाची बाई आहे. डोळे सरळ आहेत. कोणाला सांगितल्याशिवाय काही कळत नाही. गिऱ्हाइकांशी ती अजून तशीच फटकळ बोलते. मागे एक पोरगा म्हणाला, "मावशी, चहा पाणचट हाय." ती म्हणाली, "पाणी काडायची जुनी खोड हाय माजी. गप पी."

मालनबाई लेकीजवळच असते. कानाने अधू झाली आहे. सुंदररावांचा मुलगा आता चेअरमन आहे. जीप गेली, मोठी गाडी आली. मोसंबी मात्र वाळली ती पुन्हा लावली नाही.

एका डोळ्याने बघणाऱ्या माणसाला वस्तू किती लांब आहे याचा नीट अंदाज येत नाही. मनकर्णा चहा ओतताना किटलीची चोच आधी पेल्याच्या काठाला टेकवते, टेकल्याचा आवाज ऐकते, आणि मगच ओतते.